पहिला सौदा, पहिला कागद

मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही वस्तीत फिरा, 'इस्टेट एजंट'ची पाटी दिसली नाही असे होत नाही. आपल्या घरांतली बरीच मुले बारावी किंवा पदवीनंतर या धंद्यात शिरतात. दुकान लागत नाही, माल भरावा लागत नाही. मोबाइल आणि ओळखी पुरतात. आता त्यात एक नवा शब्द आला आहे, 'होलसेलिंग'. अमेरिकेतल्या धंद्याची माहिती देणारे व्हिडिओ पाहून मुले सांगतात, की यात स्वतःचे भांडवलही लागत नाही. मालकाशी कमी भावात करार करायचा, दोन महिन्यांची मुदत घ्यायची, मुदतीच्या आत जास्त भावाचे गिऱ्हाईक आणायचे आणि मधला फरक आपला.

शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. टोकन देऊन जागा अडवून ठेवायची आणि परस्पर दुसऱ्याला द्यायची, हे ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत वर्षानुवर्षे चालत आले आहे. फरक एवढाच, की पूर्वी हे मुरलेले दलाल करत. आता बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच सौद्याला हे करायला निघतो आणि टोकनासाठी अम्मीच्या बांगड्या मागतो. मग घरातले विचारतात, 'कागद कसे करायचे, तेवढे सांगा.'

कागद कसे करायचे ते सांगतेवेळी एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी. या सौद्यात मुलाच्या हातात घर नसते. मालकाने दिलेला एक शब्द असतो. कागदावर तेवढेच आणि तसेच लिहिले, तर सौदा सरळ राहतो. कागदावर घर लिहिले आणि हातात शब्दच असला, की तिथून भांडण सुरू होते.

हातात नेमके काय असते?

एक उदाहरण घेऊ. डोंबिवली पूर्वेला सोसायटीतला एक फ्लॅट आहे. मालक ४२ लाखांना द्यायला तयार आहे. मुलगा एक लाख टोकन देतो, साठ दिवसांची मुदत घेतो. त्याला खात्री आहे, की ४५ लाखांचे गिऱ्हाईक मिळेल. तीन लाख सुटतील.

या साठ दिवसांत फ्लॅट कोणाचा? पूर्णपणे मालकाचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते, की विक्रीचा नुसता करार झाल्याने त्या मालमत्तेत करार करणाऱ्याचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. करार मोडला तर तो मालकाविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो. त्यासाठी मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. पण फ्लॅटवर तो 'माझा' म्हणून हक्क सांगू शकत नाही आणि म्हणून 'माझा फ्लॅट' म्हणून विकूही शकत नाही.

दीनमध्येही हेच आहे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) व्यापारी होते. त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारले, की लोक माझ्याकडे नसलेली वस्तू मागतात, मी आधी सौदा करतो आणि मग बाजारातून आणून देतो, हे चालेल का? उत्तर स्पष्ट मिळाले: जे तुझ्याकडे नाही ते विकू नकोस. ही हदीस तिरमिजी, अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा या संग्रहांत आहे. तेव्हा कायदा आणि शरीयत, दोन्हींचा पहिला प्रश्न एकच आहे: तू जे विकतोस ते तुझे आहे का?

तीन वाटा

मधल्या माणसाला तीन वाटा असतात. प्रत्येकीचा कागद वेगळा.

पहिली वाट, स्वतः खरेदी करून मग विकणे. ही शरीयतच्या आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. पण हिशेब करून पाहा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के पडते. खरेदीदार महिला असेल तर एक टक्का सवलत आहे. ४२ लाखांचे सात टक्के म्हणजे २ लाख ९४ हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण ३ लाख २४ हजार. नफा मात्र तीन लाखांचा! म्हणजे सरळ रस्त्याने गेले तर पहिल्याच सौद्यात २४ हजारांचा तोटा. या हिशेबामुळेच लोक नोंदणी टाळतात, नोटरीच्या कागदावर सौदा फिरवतात आणि अडकतात.

दुसरी वाट, कराराचा हक्क दुसऱ्याला सोपवणे. मालकाशी झालेल्या करारात माझी जी जागा आहे, तिथे आता हा दुसरा माणूस येईल, असे लिहून देणे. कायदा याला सरसकट मनाई करत नाही. पण दोन अटी लक्षात ठेवाव्यात. करारातच 'हक्क दुसऱ्याला देता येणार नाही' असे कलम असेल, तर तो रस्ता बंद. बिल्डरच्या छापील कागदांत असे कलम असू शकते. म्हणून बुकिंग फिरवण्याआधी तो कागद शेवटच्या पानापर्यंत वाचावा. दुसरी अट अशी, की हक्क देता येतो, पण पैसे भरण्याची आपली जबाबदारी मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. म्हणजे मालकाची सही इथेही हवीच. शिवाय नुसता हक्क विकून नफा घेणे योग्य की नाही, यावर फुकहात मतभेद आहेत. या वाटेने जाणाऱ्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना पूर्ण व्यवहार सांगून विचारावे.

तिसरी वाट, उघड दलाली. मी मालक नाही, मी खरेदीदारही नाही. मी दोघांना एकत्र आणतो आणि त्याचा ठरलेला मोबदला घेतो. मोबदला स्पष्ट असेल तर दलाली जायज आहे. पहिला सौदा करणाऱ्याने हीच वाट धरावी, असे माझे मत आहे.

मात्र नव्या, महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पात दलाली करायची तर एजंट म्हणून स्वतःची नोंदणी आधी हवी. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ ने ती सक्तीची केली आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नोंदणीशिवाय काम केले तर दिवसाला दहा हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मुले ज्या अमेरिकेचे व्हिडिओ पाहतात, तिथेही हा प्रकार मोकळा राहिलेला नाही. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त असे सौदे करणाऱ्याला दलालीचा परवाना सक्तीचा केला. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

टोकनाआधीची तपासणी

कराराचा मसुदा करण्याआधी घराचे कागद पाहावेत. टोकन त्यानंतर. आपल्या भागात हा क्रम चुकला की काय होते, हे आपण पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथील लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. बांधकाम चालूच होते, तरी खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते. इमारत बेकायदा होती.

दुसरे प्रकरण कल्याण-डोंबिवलीचे. तिथे ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. घेणाऱ्यांनी महारेराचा क्रमांक पाहून विश्वास ठेवला, बँकांची कर्जे घेतली. हे २०२२ मध्ये उजेडात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. या प्रत्येक घराच्या विक्रीत कोणीतरी मधला माणूस असेल. त्यातल्या अनेकांना काही माहीतही नसेल. पण पुढे ज्याच्या दारात खरेदीदार येऊन उभा राहतो, तो मधला माणूसच असतो.

म्हणून हे कागद स्वतः पाहावेत:

१. मालकाच्या नावाचा नोंदणीकृत करार आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू. ही नोंद नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते.

२. त्याआधीच्या मालकांचे करार. साखळी मधेच तुटता कामा नये.

३. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि फेरफार.

४. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. त्यावरचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावे. ६५ इमारतींचा धडा हाच आहे, की नुसती झेरॉक्स पाहून समाधान मानू नये.

५. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ना हरकत.

६. मालमत्ता कर आणि वीजबिल कोणाच्या नावे आहे.

७. बँकेचे कर्ज असेल तर शिल्लक रकमेचे पत्र. मूळ कागद बँकेत असतील, तर ते कधी सुटतील हे करारात लिहावे लागते.

आणि आठवी गोष्ट, जी आपल्या घरांत सर्वांत जास्त चुकते. मूळ मालक हयात आहे का? नसेल तर वारस कोण? समजा वालिद वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. घराचे चाळीस हिस्से धरले तर शरीयतनुसार पत्नीचे पाच, प्रत्येक मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. मोठा मुलगा म्हणतो, 'सोसायटीत नॉमिनी मी आहे, सही मीच करणार.' त्याच्या सहीने त्याचे स्वतःचे चौदा हिस्सेच जातात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुंब्र्यात सासरी असलेली बहीण उद्या उभी राहिली, तर सौदा तिच्या सात हिस्स्यांवर अडेल, आणि अडायलाच हवा. ते तिचे आहेत. ती 'मला नको' म्हणत असेल, तर तेही तोंडी चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे आणि ते तिने मनापासून केलेले हवे. वारसांत अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या वाट्यासाठी आईच्या सहीने भागत नाही. न्यायालयाची परवानगी लागू शकते. अशा घरात साठ दिवसांची मुदत घेऊन पहिला सौदा करूच नये.

मालकाशी करायचा कागद

आता प्रत्यक्ष मसुदा. कोणी याला विसार पावती म्हणते, कोणी साठेकरार, कोणी एमओयू. नाव काहीही असो, मजकूर महत्त्वाचा. मालकाला वाचता येते त्या भाषेत तो लिहावा. मालकाला फक्त उर्दू येत असेल आणि कागद इंग्रजीत असेल, तर त्या सहीला काय अर्थ?

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती देण्याघेण्याच्या कागदाबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. तिच्यात एक बारकावा आहे. ज्याच्यावर देणे आहे, मजकूर त्याने सांगावा. म्हणजे ज्याच्यावर जबाबदारी येणार, त्याच्या तोंडून ती वदवून घ्यायची, म्हणजे नंतर 'मला कळलेच नव्हते' असे होत नाही. आपल्या सौद्यात हे असे करता येते: मालकाची कलमे मालकाने सांगावीत, मुलाची मुलाने, आणि लिहिणाऱ्याने दोन्ही तशीच उतरवावीत.

कागदात हे यावे. दोन्ही बाजूंची पूर्ण नावे, पत्ते, पॅन क्रमांक. फ्लॅटचा क्रमांक, मजला, इमारत, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ. ठरलेली किंमत आकड्यांत आणि अक्षरांत. दिलेले टोकन, त्याची तारीख आणि चेक किंवा बँक व्यवहाराचा क्रमांक. टोकन रोख देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मुदत कोणत्या तारखेला संपते, ती तारीखच लिहावी. 'साठ दिवस' लिहिले की कोणत्या दिवसापासून मोजायचे यावर वाद होतो.

मग सर्वांत महत्त्वाचे कलम, जे बहुतेक मुले गाळतात, कारण ते लिहिताना हात थांबतो. ते साधारण असे असावे: 'लिहून घेणार हे सदर सदनिका स्वतःसाठी घेत नसून तिच्यासाठी खरेदीदार शोधणार आहेत, हे मला माहीत आहे. मला रुपये ४२ लाख मिळतील. खरेदीदाराकडून लिहून घेणार यांना वेगळा मोबदला मिळेल, तो रुपये तीन लाखांपर्यंत असू शकतो, हेही मला माहीत आहे व यास माझी संमती आहे.'

या कलमावर मालक सही करायला तयार नसेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे. त्याला आपल्या घराची खरी किंमत आत्ताच कळली. मदिनेच्या बाजारात येणाऱ्या काफिल्यांना काही व्यापारी गावाबाहेरच गाठत आणि बाजारभाव कळण्याआधी त्यांचा माल उचलत. पैगंबरांनी (स.) याला मनाई केली आणि तसे झालेच, तर बाजारात पोहोचल्यावर विकणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क दिला. 'होलसेलिंग'च्या व्हिडिओंत शिकवतात ते नेमके हेच: अडचणीतला मालक शोधा, ज्याला पैशांची घाई आहे, ज्याला भाव माहीत नाही. आपल्या भागात असा मालक म्हणजे बहुधा एखादी विधवा, गावी परत निघालेले म्हातारे जोडपे, किंवा कर्जाचे हप्ते थकलेला रिक्षावाला. त्याला शासनाच्या रेडी रेकनरचा दर आणि त्याच इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीची किंमत दाखवावी. त्यानंतरही त्याला लवकर पैसे हवेत म्हणून तो कमी घेत असेल, तर तो त्याचा राजीखुशीचा निर्णय.

आणखी तीन कलमे. एक, ताबा. किल्ली घेऊ नये आणि ताबा देण्याचे कलमही घालू नये. ताब्यासह केलेल्या करारावर खरेदीखताएवढे मुद्रांक शुल्क लागू होते. दोन, कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने हरकत घेतली, तर टोकन किती दिवसांत आणि पूर्ण परत, हे लिहावे. तीन, मुलालाच गिऱ्हाईक मिळाले नाही तर टोकनाचे काय?

या तिसऱ्या प्रश्नावर थांबायला हवे. सौदा फिसकटला तर टोकन बुडाले, असे बाजारात सर्रास चालते. फिकहात याला बै अल-उरबून म्हणतात. इमाम अहमद बिन हंबल यांच्या मसलकात ते चालते. हनफी, मालिकी आणि शाफई मसलकांत चालत नाही. ठाणे जिल्ह्यातली कोकणी मुस्लिम घरे बहुतेक शाफई, बाकी बरीचशी हनफी. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या मसलकात टोकन गिळणे दुरुस्त नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९३ मध्ये, थांबण्याची मुदत ठरलेली असेल तर परवानगी दिली आहे. आपल्या देशाच्या करार कायद्याचे कलम ७४ ही करार मोडल्यावर 'वाजवी' भरपाईचीच भाषा करते. मधला मार्ग असा, की मालकाचे साठ दिवसांत जे खरोखर नुकसान झाले, म्हणजे दुसरे गिऱ्हाईक परत पाठवले, सोसायटीच्या दाखल्यांसाठी खर्च केला, तेवढी रक्कम आधीच आकड्यात ठरवावी आणि बाकी परत करावी. एक लाखातले दहा हजार ठरले तर दोघांनाही रात्री झोप लागेल.

दोन साक्षीदार असावेत आणि दोघांनी कागद वाचलेला असावा. चहा पाजून सही घेतलेला साक्षीदार पुढे कामाचा नसतो. मुद्रांकाची रक्कमही विचारून घ्यावी. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो आणि काही करारांना त्याहून जास्त. वकिलाची फी इथे वाचवू नये. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना समजावून सांगावे. नुसता विक्रीकरार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे.

गिऱ्हाइकाशी करायचा कागद

दुसरा कागद खरेदीदाराबरोबर. यात पहिलेच वाक्य असे असावे: 'मी या सदनिकेचा मालक नाही.' पुढे मालकाचे नाव, मालकाला मिळणारे ४२ लाख, आणि मुलाचा मोबदला वेगळ्या ओळीत. घराचे सगळे पैसे खरेदीदाराने थेट मालकाच्या खात्यात भरावेत. मुलाच्या खात्यात फक्त त्याचा मोबदला यावा, तोही मालक आणि खरेदीदार यांच्यातला करार दुय्यम निबंधकांकडे नोंदला गेल्यावर. हा एक नियम पाळला, तर पहिल्या सौद्यातले निम्मे धोके टळतात. कारण दुसऱ्याच्या घराचे पैसे आपल्या खात्यातून फिरले, की सौदा फिसकटताच फसवणुकीची तक्रार आपल्या नावे होते.

इथे एक अडचण येते आणि ती आधीच सांगितलेली बरी. मालकाशी ४२ लाखांचा करार नोंदला, तर बँक कर्ज त्या रकमेवर देते. वरचे तीन लाख खरेदीदाराला खिशातून द्यावे लागतात. मग कोणीतरी सुचवते, 'करार ४५ चा करा, मालकाने तीन लाख रोख परत द्यावेत.' हे करू नये. मालकाच्या नावे न मिळालेले तीन लाख लागतात, त्यावर त्याला कर द्यावा लागू शकतो, बँकेला खोटी किंमत सांगितली जाते आणि रोखीचा कागद कोणाकडेच राहत नाही. एका खोट्या आकड्यात तीन माणसे अडकतात.

आता तीन लाखांकडे पुन्हा पाहू. आपल्या भागात खरेदी-विक्रीची दलाली साधारण एक ते दोन टक्के असते. ४२ लाखांवर तीन लाख म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. हा आकडा वेगळ्या ओळीत लिहिला, की खरेदीदार भुवया उंचावणार. मालक म्हणणार, यातले मला द्या. खरेदीदार म्हणणार, भाव कमी करा. शेवटी मुलाच्या हाती कदाचित ऐंशी हजार येतील. तो हिरमुसेल. पण त्याला विचारावे, उरलेले दोन लाख वीस हजार कशाचे होते? ते त्याच्या मेहनतीचे असते, तर उजेडात टिकले असते. दोघांना एकमेकांचा आकडा ठाऊक नव्हता, एवढ्याच आधारावर ते उभे होते. बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत त्याच हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या दुसऱ्या हदीसचा आशय असा, की घेणारा आणि देणारा खरे बोलले आणि उघड सांगितले तर सौद्यात बरकत होते, लपवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते.

ऐंशी हजारांचा उघड सौदा करणाऱ्या मुलाकडे तोच मालक पुढच्या महिन्यात आपल्या मेव्हण्याला पाठवतो. आपल्या वस्त्यांत हा धंदा ओळखीवर चालतो आणि ओळख पहिल्या सौद्यात बनते किंवा बिघडते.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलगा पहिला कागद घेऊन आला, की त्याला नावे ठेवू नका आणि डोळे झाकून बांगड्याही देऊ नका. ईशाच्या नमाजनंतर सगळ्यांनी बसून तो कागद मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक ओळीला विचारा: हे मालकाला माहीत आहे? हे गिऱ्हाइकाला माहीत आहे? जिथे मुलगा अडखळेल, ती ओळ दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन बदलून घ्या. सही त्यानंतर.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल रोजी आणि तिच्यात बरकत देवो. आमीन.